गोठ्याच्या पायात शिवराया सापडल्या, पुढे काय केलं: माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावी गोठ्याचा पाया खणताना फुटकं गाडगं लागलं आणि त्यात हिरवी पडलेली तांब्याची नाणी. वहिनी चिंच घेऊन घासायला बसणार, तेवढ्यात थांबवलं. एकावर ‘श्री राजा शिव’ अशी अक्षरं होती. शिवराईच, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं! घासलं की गंजाबरोबर अक्षरंही झिजतात, म्हणून मातीसकट कागदात गुंडाळून ठेवली.

पुण्याच्या चुलतभावाला कळलं. ‘मेटल डिटेक्टर घेऊन येतो, सगळं रान फिरवू,’ म्हणाला. मी साफ नको म्हटलं. ते यंत्र धातू कुठं आहे एवढंच सांगतं. नाणं किती खोल होतं, कुठल्या मातीत, कशासोबत, हे घाईनं उकरलं की कायमचं जातं. बेळगावला लागून वडगाव-माधवपूरला सातवाहनकाळची वस्ती उत्खननात उजेडात आली, ती थर न् थर नोंदवत खणलं म्हणूनच.

गल्लीत सल्ला एकच: ‘गप्प बसा.’ पण कर्नाटकात भूमिगत धनाचा १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याआधीच्या १८७८ च्या कायद्यातही दहा रुपयांवरचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि लपवलं तर वर्षापर्यंत कैद, असंच होतं. शिवाय शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही आणि खाजगी माणसाला परदेशी तर पाठवताच येत नाही.

खड्ड्याचे फोटो काढले, टेपनं खोली मोजली. नाणी सापडल्याचं कळवणारा अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला, सोबत जमिनीचा उतारा जोडला. कुणाला, कुठं, कधी, काय सापडलं, एवढंच त्यात. मग तहसीलदार कार्यालयाची माणसं येऊन पंचनामा झाला. नाणी मोजून पाकिटात घालून लाखेनं सील केली. पंचनाम्याची नक्कल आणि नाण्यांची पोच सहीशिक्क्यानिशी मागून घेतल्याशिवाय मी नाणी हातातून सोडली नाहीत. तुम्हीही सोडू नका. पुढं सापडलेल्या धनातल्या हिश्शाचा प्रश्न आला तर तोच तुमचा कागद.

निकाल अजून लागायचा आहे. अर्जाच्या शेवटी मी एक विनंती केली आहे: नाणी कुठल्याही संग्रहालयात ठेवा, पण चिठ्ठीवर आमच्या गावाचं नाव आणि ती खोली लिहा.