एआर-३ए विरुद्ध एल१००: लेव्हल जुळली, पण पॉटने घाम काढला

मंडळी, लेव्हल जुळली, आणि मुख्य म्हणजे जुळलेली राहिली. एआर-३ए आणि जेबीएल एल१०० या जुन्या स्पीकरच्या जोड्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) आलटूनपालटून लावल्या की ५०० ते २००० हर्ट्झच्या पिंक नॉइजवर (चाचणीच्या खरखराटावर) आवाजाच्या पातळीतला फरक ०.२ डीबीच्या आत येतो. तासभर वाजवून परत मोजलं तरी तेवढाच.

मागच्या नोंदीत गाडं इथेच अडलं होतं. जुळवून झालं की थोड्या वेळात एआर १ ते २ डीबीने खाली घसरायचा आणि जरा जोरात वाजवला की आपोआप वर यायचा. अशा अवस्थेत ऐकून केलेली तुलना फुकट. अर्ध्या डीबीचा फरक कानाला 'मोठं-लहान' असा कळत नाही. जो मोठा वाजतो तो फक्त 'मोकळा' किंवा 'जिवंत' वाटतो, आणि आपण त्याचं श्रेय शंकूला नाहीतर चुंबकाला देऊन मोकळे होतो.

आधी अ‍ॅम्प आणि रिलेवर संशय होता. एआरच्या टर्मिनलवर मीटर लावला तर २.८३ व्होल्ट हलायला तयार नाहीत, त्यामुळे दोघेही सुटले. मग पेटीतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या, म्हणजे खालच्या सुरांचा वूफर, मधल्या सुरांचा मिड डोम आणि वरच्या सुरांचा ट्वीटर यांच्या तोंडाशी १ सेंटिमीटरवर माइक धरून मोजणी. डाव्या-उजव्या पेटीचे वूफर अर्ध्या डीबीत सारखे, ट्वीटरही बरे. उजवा मिड मात्र २.५ डीबी खाली, आणि पेटीवर टिचकी मारली की आकडा नाचतो. एआर-३एचा क्रॉसओव्हर, म्हणजे ड्रायव्हरमध्ये सुरांची वाटणी करणारा फिल्टर, ५७५ आणि ५००० हर्ट्झवर असल्यामुळे आपला जुळवणीचा पट्टा जवळजवळ सगळा मिड डोमकडेच जातो. मिड हलला की जुळवणी गेलीच.

आता पॉट. पॉट म्हणजे ड्रायव्हरचा आवाज कमीजास्त करायची फिरती खुंटी. एआरचे लेव्हल पॉट १५-१६ ओहमचे वायरवाउंड, म्हणजे तार गुंडाळलेले. तार आणि सरकता संपर्क यांच्यामध्ये हिरवी कीट धरते. ४ ओहमच्या डोमच्या वाटेत असा १ ओहम जादा आला की ढोबळ हिशेबाने जवळपास २ डीबी गेले. पॉट फिरवला की कीट खरवडली जाते, आवाज परत येतो आणि 'झालं बरं' असं वाटतं. मल्टिमीटरही फसवतो, कारण प्रोब लावण्याआधी आपण पॉट फिरवलेलाच असतो. मोजताना पॉट न फिरवता पेटीवर टिचक्या मारा. आकडा थरथरला तर चोर सापडला.

दांड्याच्या फटीतून स्प्रे मारणं हा उपाय नव्हे, पंधरवड्याची मलमपट्टी आहे. वूफर काढा, आतलं फायबरग्लास हातमोजे आणि मास्क घालून बाहेर घ्या, आणि त्याचं वजन करून ठेवा. परत तितकंच भरायचं आहे. पॉटच्या तीन टोकांच्या तारांवर १, २ आणि बी अशा चिठ्ठ्या लावून मगच सोल्डरचे डाग सोडवा. मागची क्लिप काढून पॉट उघडा, तार आणि संपर्क बारीक घासणीने हलक्या हाताने चमकवा, आयसोप्रोपिलने धुवा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. घासताना जोर लावू नका. कुजलेली तार तुटली की पॉट कामातून गेला.

उजव्या मिडचा पॉट उघडल्यावर तार दोन ठिकाणी खाल्लेली निघाली, त्यामुळे बेत बदलला. तुलनेसाठी खुंटी फिरवायचीच नाही, तर पॉट हवाय कशाला? दोन्ही पेट्यांत मिडच्या पॉटच्या जागी स्थिर रेझिस्टर बसवले: १ ते २ मध्ये १.५ ओहम, २ ते बी मध्ये १५ ओहम, दोन्ही १० वॅटचे साधे सिमेंटचे. ४ ओहमचा भार धरला तर साधारण ३.४ डीबी घट, आणि एकूण रोध मूळ पॉटच्या आसपासच राहतो. या पॉटच्या जागी नुसता एल-पॅड (लेव्हल कमी करायची दुसऱ्या जोडणीची खुंटी) ठोकू नका. मूळ जोडणी साध्या व्होल्टेज विभाजकाची आहे. एल-पॅडमुळे फिल्टरला दिसणारा भार बदलतो आणि क्रॉसओव्हर सरकतो. ट्वीटरचे पॉट नुसते साफ करून ठेवले, कारण ते जुळवणीच्या पट्ट्याच्या वरच काम करतात.

कपॅसिटर बदलले का, हे कोणीतरी विचारणारच. नाही. एक पाय सोडवून मोजले: १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरड, सगळे दहा टक्क्यांच्या आत आणि ईएसआरही (आतला रोध) ठीक. मोजल्याशिवाय सगळे कपॅसिटर उपटायची फॅशन मला पटत नाही. त्यात पेटीचा मूळ आवाजच हरवतो आणि मग आपण नक्की कशाची तुलना करतोय, हा प्रश्न उरतो.

पेटी बंद केल्यावर वूफरचा शंकू बोटांनी हळूच आत दाबून सोडला, तो सावकाश परत आला, म्हणजे हवा गळत नाही. इम्पीडन्सचं (स्पीकरच्या विद्युत अडथळ्याचं) शिखर डावीकडे ४३ आणि उजवीकडे ४४ हर्ट्झवर. सीलबंद पेटीच्या जोडीत इतकं साम्य पाहून जीव सुखावतो!

एल१००बद्दल दोन गोष्टी. जुन्या जेबीएलची ध्रुवता उलटी: लाल टर्मिनलला १.५ व्होल्टच्या सेलचं धन टोक लावलं की वूफर आत जातो. एआरशी तुलना करताना एल१००च्या दोन्ही पेट्यांच्या तारा उलट करून घ्या. दुसरं, एल१०० सुमारे ३ डीबी मोठा वाजतो, म्हणून त्याच्या वाटेत रेझिस्टर घालायचा मोह होतो. तो टाळा. स्पीकरचा इम्पीडन्स वारंवारतेनुसार बदलतो, त्यामुळे मालिकेतला रेझिस्टर नुसती लेव्हल कमी न करता स्वरच बदलतो. बऱ्याच तयार स्विच बॉक्समध्ये 'संरक्षणासाठी' असाच रेझिस्टर असतो, तेव्हा आधी तो उघडून बघा. घट लाइन लेव्हलवरच, म्हणजे अ‍ॅम्पच्या आधी, करायची: १० किलोओहमचा मल्टिटर्न ट्रिमर (बारीक जुळवणीचा छोटा पॉट), आणि स्पीकरच्या रिलेबरोबरच चालणारा दुसरा रिले.

लिहितालिहिता आणखी एक बदल सुचला. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या कामातून दिसलंय की मोनोत, एकाच स्पीकरवर ऐकताना दोष जास्त उघडे पडतात. मग चार पेट्यांची गर्दी कशाला? प्रत्येक जोडीतली एकच पेटी शेजारीशेजारी ठेवायची, एक फेरी ऐकायची, मग जागांची अदलाबदल करून दुसरी. जागेचा परिणाम असेल तर तो जागेबरोबरच राहील.

याच पद्धतीने, जागा न बदलता, एक धावती चाचणी केली. पुरुषी आवाजात एल१०० पुढे येतो, ढोलाची थाप अंगावर घेतो. त्याच्या १२३ए वूफरला वरचे सूर अडवणारा फिल्टरच नाही, तो वर मिडच्या मुलखात शिरतो, आणि निवेदकाच्या छातीतला आवाज त्यामुळे थोडा पेटीतून आल्यासारखा वाटतो. डग्ग्याचा घुमारा मात्र एआरवर खोल उतरतो, मींड कुठे अडखळत नाही. झांजेची चमक एआरवर कमीच. ट्वीटरचा पॉट पूर्ण उघडूनही एल१००च्या जवळ जात नाही.

तुलनेतला तिसरा स्पीकर, लार्ज अ‍ॅडव्हेंट, अजून बाकावरच. फोमची कड मागवली होती मॅसोनाइटच्या (दाबलेल्या लाकडी पुठ्ठ्याच्या) कड्याच्या वूफरसाठी आणि विक्रेत्याने पाठवली अखंड धातूच्या चौकटीची. दोन्हींची मापं वेगळी आहेत आणि ताणून बसवली तर कॉइल घासणार. मागवताना फक्त मॉडेलचं नाव देऊ नका, शंकूचा आणि चौकटीचा व्यास मिलिमीटरमध्ये कळवा.

अदलाबदलीची फेरी घेण्याआधी एल१००च्या पुढच्या पट्टीवरचे दोन्ही एल-पॅड तोंडाशी माइक धरून तपासायचे आहेत. टिचकीची परीक्षा त्यांनाही द्यावी लागेल.