आज गाडी काढायची नाही

२१ डिसेंबर

लेकीने आज व्हिडिओ कॉलवर गाडीची डिकी उघडून दाखवली. फावडं, काचेवरचा बर्फ खरवडायचा ब्रश, जाड ब्लँकेट, टॉर्च, चार्ज करून ठेवलेली पॉवर बँक, पाण्याच्या बाटल्या, वाळूची एक पिशवी आणि मी दिवाळीच्या फराळाबरोबर पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चिक्क्या. वाळू कशाला, विचारलं. चाक बर्फात जागच्या जागी फिरायला लागलं की त्याच्यापुढे टाकायला. चिक्क्या डिकीत बघून बरं वाटलं. अडकलीच कुठे तर पोटाला काहीतरी घरचं असेल.

नाताळला ती आणि जावई अमेरिकेतल्या बफेलोहून क्लीव्हलँडला जाणार आहेत, तिच्या नणंदेकडे. तीनेकशे किलोमीटरचा रस्ता, सगळा एरी सरोवराच्या काठाकाठाने. चांगल्या हवेत तीन तास. डिसेंबरमध्ये किती, ते सरोवर ठरवतं, असं ती म्हणते.

दिवाळी झाली की ती टायर बदलते. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. पहिल्या वर्षी मला हा खर्च फार वाटला होता. आता टायर बदलल्याचा फोन आला नाही तर मीच विचारते.

तिला गाडी मी शिकवली, रविवारी पहाटे, गंगापूर रोड मोकळा असताना. ब्रेक, क्लच, आरसे, उलटा गिअर. तिकडे गेल्यावर जावयांनी एका रिकाम्या पार्किंगच्या मैदानात, पहिला बर्फ पडल्यावर, तिला नव्याने शिकवलं. गाडी घसरली तर ब्रेक दाबून धरायचा नाही. पाय उचलायचा, जिकडे जायचंय तिकडे बघायचं आणि स्टिअरिंग अलगद तिकडेच न्यायचं. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर ठेवतो त्याच्या कितीतरी पट अंतर ठेवायचं. पूल आला की आधीच वेग कमी करायचा, कारण पुलाला वरून थंडी आणि खालूनही थंडी, जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. आणि सगळ्यात वाईट तो पारदर्शक बर्फाचा पापुद्रा. त्याच्याखालचं काळं डांबर दिसत राहतं, म्हणून रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. रस्त्यावर मीठ टाकतात, पण पारा उणे नऊ-दहाच्या खाली उतरला की साधं मीठही फारसं चालत नाही.

हे सगळं आता मला पाठ झालंय. नाशिकमध्ये बसून मला याचा उपयोग काय, असं ह्यांनी एकदा विचारलं होतं. उपयोग एवढाच की ती बोलते तेव्हा तिच्या शेजारच्या सीटवर बसल्यासारखं वाटतं.

२२ डिसेंबर

शेजारच्या वहिनींचा मुलगा मित्रांबरोबर मनालीला निघालाय, इथूनच, स्वतःची गाडी घेऊन. वहिनी मिठाई द्यायला आल्या आणि डोळ्यांत पाणीच. मी मुलाला बोलावून घेतलं. तो बसला आणि नीट ऐकून घेतलं त्याने, हे मला फार आवडलं.

ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरचा. रोहतांगची खिंड हिवाळाभर बंद असते, त्यामुळे त्याआधी पलीकडच्या लाहौल खोऱ्याकडे जायचा प्रश्नच नव्हता. आता नाताळला माणसं त्यातून थेट पलीकडच्या बर्फात जातात. २०२४ च्या नाताळच्या आठवड्यात अचानक बर्फ आला आणि सोलंग ते बोगदा या टप्प्यात शेकडो गाड्या अडकून पडल्या. बर्फ पडायला लागला की पोलीस फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, नसलेल्या गाड्या अलीकडेच थांबवतात. त्याला म्हटलं, थांबवलं तर हुज्जत घालू नकोस, गाडी तिथेच लाव आणि तिथल्या ड्रायव्हरबरोबर जा. ते वर्षभर त्या वळणांवर चालवतात. डिझेल वर गेल्यावर तिकडचंच भर, आपल्याकडचं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊ शकतं.

आणि एक गोष्ट मी त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतली. अडकलास आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरायचा, काच बोटभर उघडी ठेवायची, आणि सतत नाही, मधून मधून चालू करायचं. सायलेन्सर बुजला की धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फ बघायला गेलेल्या गाड्या अशाच अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं गेली, लेकरंसुद्धा. सहलीला गेलेली माणसं होती ती.

वहिनी म्हणाल्या, तुम्ही एवढं सांगितलंत तर त्याला जाऊच नको म्हणा ना. तसं मी म्हणणार नाही. जाऊ दे. फक्त वाटेत कुठेतरी थांबायची वेळ आली तर थांबायला लाजू नये त्याने.

२३ डिसेंबर

लेक सकाळ-संध्याकाळ हवामान बघतेय. सरोवराचा बर्फ कसा पडतो ते तिने मला एकदा कागदावर काढून दाखवलं होतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून बऱ्यापैकी उबदार असतं. वरून उत्तरेकडची कोरडी, थंडगार हवा वाहत येते, पाण्यावरून जाताना ऊब आणि बाष्प उचलते आणि काठावर पोहोचली की सगळं बर्फ करून टाकते. तो पट्टा अरुंद असतो. एका गावात माणूसभर ढीग आणि थोड्या अंतरावर लख्ख ऊन. वारा जरा वळला की पट्टाही सरकतो. म्हणून निघताना आभाळ निरभ्र आहे याला काही अर्थ नाही.

२०२२ चा नाताळ आठवला की आजही हात गार पडतात. तेव्हा ती तिथे नवीनच होती. २३ डिसेंबरला वादळ आलं आणि बफेलोवर सलग ३७ तास राहिलं. वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्या वर, विमानतळावर सव्वा मीटरहून जास्त बर्फ. वीज गेली. दोघं घरात, अंगावर असतील नसतील तेवढे कपडे घालून बसलेले. बॅटरी वाचवायची म्हणून दिवसातून थोडा वेळच फोन चालू करायची. मी इथे रात्रभर फोन हातात धरून.

त्या वादळात त्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, चाळीसहून जास्त माणसं गेली. कोणी गाडीत सापडलं, कोणी रस्त्याकडेच्या बर्फात, कोणी थंडगार घरात. अँब्युलन्स आणि अग्निशमनच्या गाड्याच अडकल्या, त्यामुळे हाक मारूनही कोणी येऊ शकत नव्हतं. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं होतं. गाड्या बाहेर काढू नका, असा हुकूम २३ तारखेला सकाळी निघाला आणि तासाभरात लागू झाला. तोवर कितीतरी लोक कामावर पोहोचले होते किंवा वाटेत होते. पुढे त्यावरून खूप टीका झाली, हुकूम आदल्या रात्री का नाही काढला म्हणून. टीका योग्यच होती. ज्याला रोजच्या हजेरीवर पैसे मिळतात त्याला 'आज घरी बसा' हे दुसऱ्या कोणीतरी वेळेवर, स्पष्ट आणि अधिकाराने सांगावं लागतं. त्याच्या एकट्याच्या शहाणपणावर ते सोडून चालत नाही.

ती घरात होती. बाकी मी काही मागितलं नव्हतं.

२४ डिसेंबर

आईला निफाडकडच्या, दादाच्या मळ्यातून आणायचं होतं. मध्यरात्रीच्या उपासनेला ती दरवर्षी शरणपूरच्या चर्चमध्ये आमच्याबरोबर असते. घरी करंज्या झाल्या होत्या, अनारसे व्हायचे होते, चांदणी लावायची होती, म्हणून मी पहाटे साडेपाचला निघून नऊच्या आत परत यायचं ठरवलं होतं.

पाच वाजता दादाचा फोन. "निघू नकोस. चांदोरीच्या अलीकडून काही दिसत नाही. धुकं उठू दे, मग ये." मी म्हटलं, हळू येते. तो म्हणाला, "बागेपायी मी रात्र रात्र जागतो, तुला दोन तास थांबता येत नाही?"

ते खरं होतं. निफाडची थंडी म्हणजे काय ते द्राक्षवाल्याला विचारावं. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते आणि जड गार हवा गोदावरी-कादवेच्या सखल भागात साचते. काही वर्षी पानांवरचं दवसुद्धा गोठलेलं लोकांनी बघितलंय. मणी तडकतात, पाणी उतरलेल्या घडांचं वर्षभराचं काम एका रात्रीत जातं. म्हणून दादा पहाटे विहिरीचं पाणी ड्रिपने सोडतो, ते हवेपेक्षा उबदार असतं, आणि बांधावर ओला-सुका पाला पेटवून धूर करतो. रात्री दोनला उठतो, चारला उठतो. तीच हवा नदीच्या ओलाव्याजवळ धुकं होऊन रस्त्यावर बसते. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणाऱ्यांना ते सुंदर दिसतं. सुंदर असतंच.

पण त्या धुक्यात रस्त्यावर काय काय असतं! उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, एकामागे एक दोन जोडलेल्या, ऊस मागे हात हात बाहेर आलेला, आणि त्याला एक लाल फडकं. बैलगाड्या. लासलगावला निघालेले कांद्याचे पिकअप. मागचा दिवा नाही, रेडियम नाही. हेडलाइट अपर केला तर सगळा उजेड धुक्यावरून आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून डिपरवरच ठेवावा लागतो, आणि डिपरचा उजेड ट्रॉलीपर्यंत पोहोचतो तेव्हा ती बॉनेटजवळ आलेली असते. डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चालवावं म्हणतात. ती पट्टी प्रत्येक ठिकाणी असती तर किती बरं झालं असतं. आणि घाबरून मधेच गाडी उभी करणारे. उभं राहायचंच असेल तर रस्ता सोडून पार खाली, पेट्रोल पंपावर, ढाब्यावर.

बफेलोत निदान कोणीतरी हुकूम काढतं, उशिरा का होईना. आपल्याकडे धुक्याच्या पहाटे रस्ता तसाच उघडा. दुधाची गाडी निघते, शाळेची बस निघते, शिर्डीला निघालेले मुंबईकर रात्रभर चालवून पेंगत येतात. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, कसारा घाट टाळता येतो, चांगली गोष्ट झाली. पण चांदोरी-निफाडच्या पहाटेला बोगदा नाही. तिथे दादासारखा कोणी फोन करणारा असेल तर माणूस थांबतो. नसेल तर?

मी थांबले. नऊला निघाले, ऊन आलं होतं, चांदोरीला पोहोचेपर्यंत धुकं पुलाखाली उतरलं होतं. आई ओसरीवर शाल घेऊन तयार. दादाने दोन पेट्या द्राक्षं दिली, लवकर उतरलेली, थोडी आंबट. वहिनीने शेंगोळ्यांचा डबा. परत यायला एक वाजला आणि अनारसे राहिले ते राहिलेच.

संध्याकाळी सातला लेकीचा फोन. तिच्याकडे सकाळचे साडेआठ.

"आई, आम्ही जात नाही. पट्टा बरोबर रस्त्यावर येतोय, दुपारनंतर."

मी विचारलं, नणंद काय म्हणाली? तर नणंद नाराज झाली होती. तिने केक केलेला, मुलांची खोली आवरून ठेवलेली. आणि तिच्याकडे आकाश निळंभोर होतं. लेकीला सारखं वाटत होतं की आपण घाबरट ठरतोय. जावई म्हणत होते, अजून चार तास हातात आहेत, आत्ताच निघू. मग तीच म्हणाली, नाही. किल्ली घरातच राहिली.

मला तिचा इतका अभिमान वाटला की बोलता येईना. बर्फात घसरलेली गाडी सावरणं ती शिकली, ते कौतुकाचं आहेच. पण भरलेली डिकी, वाट बघणारं माणूस, सणाचा दिवस, आणि तरी नाही म्हणणं, यापुढे ते सोपं आहे. मी तिच्या नणंदेला स्वतः फोन केला. म्हटलं, ताई, रागावू नका, तुमच्याकडे दोघं धडधाकट यावीत एवढंच. ती रडली थोडी. मग हसून म्हणाली, केक फ्रीजमध्ये ठेवते.

रात्री उपासनेला आई माझ्या शेजारी होती. पाळकांनी प्रवासात असलेल्यांसाठी प्रार्थना केली तेव्हा मी, यंदा प्रवासात नसलेल्यांसाठीही केली.

२५ डिसेंबर

घर भरलेलं होतं. वहिनींच्या मुलाचा फोटो आला, मनालीच्या अलीकडे थांबवलंय, चहा पितोय. लेकीने फोटो पाठवला: त्यांच्या अंगणातली गाडी, वरून टोपी घातल्यासारखी पांढरी. त्यांच्या त्या रस्त्यावर रात्री ट्रकना बंदी होती म्हणे. वारा वळला की शनिवार-रविवारी जातील.

२६ डिसेंबर

दादाशी बोलले. त्याच्या वस्तीवर उसाच्या टोळ्या उतरल्यात, मुकादम ओळखीचा आहे. ट्रॉल्यांना रेडियम लावायचं का विचारलं तर मुकादम म्हणाला, आणून द्या, पोरं लावतील. मागे लाल, बाजूला पिवळं, पुढे पांढरं. आज गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून रोल घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, एवढे कशाला? सांगितल्यावर त्याने एक पांढरा रोल पैसे न घेता दिला. बैलगाड्यांच्या साट्यालाही लावू, दादा म्हणतो. शिंगांना नको, बैल बुजतात.

उद्या दुपारी नेऊन देते, उन्हात.