घरून काम करते, म्हणून पेन्शन नाही?

आई फेब्रुवारी २०२४ मध्ये गेली. तेरावं आटोपलं आणि दादाने कपाटातली निळी फाईल माझ्यासमोर आणून ठेवली. बाबांचा पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश), दोघांचे मृत्यूचे दाखले, पासबुकं. "बाय, आता आईची पेन्शन तुझ्या नावावर व्हायला हवी. आपण वेळ घालवायचा नाही," तो म्हणाला.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून २०१८ साली निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी गेले. त्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळत होतं. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर अपंगत्व ६५ टक्के असं लिहिलेलं आहे. दिव्यांग मुलाला पंचविशी ओलांडल्यावरही हे निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं, एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी घरी बसून करते ते काम त्याच्या आड येतं का, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं.

काम म्हणजे मुलाखतींची, सभांची रेकॉर्डिंग ऐकून ती मराठीत टाईप करून द्यायची. पुण्याची एक कंपनी ही कामं पाठवते, मिनिटांप्रमाणे पैसे देते. उजवा हात कळफलकावर ठरत नाही, म्हणून डाव्या हाताच्या दोन बोटांनी टाईप करते. शिफ्ट आणि अक्षर एकाच वेळी दाबणं मला जमत नाही. संगणकातली ‘स्टिकी कीज’ ही सोय चालू ठेवली की शिफ्ट आधी दाबून सोडता येते, अक्षर मग सावकाश दाबलं तरी चालतं. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकात काना जिथे येतो त्या कळीवरचं अक्षर केव्हाच पुसून गेलंय. तासभर झाला की खांद्यापासून मनगटापर्यंत हात आखडतो, मग आडवं व्हायचं. अशा तुकड्यातुकड्यांनी दिवसाकाठी चार तास होतात. गोव्यात आमच्या डिचोलीत पावसाळ्यात वीज गेली की तेही होत नाहीत. एखाद्या महिन्यात अठरा हजार येतात, एखाद्या महिन्यात सहा.

शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. "घरबसल्या करतेस ती काय नोकरी? दाखवूच नकोस," असं मावशी म्हणाली. एका ओळखीच्या माणसाने तर सांगितलं की पैसे वहिनीच्या खात्यावर घे, कोणाला कळणार? हे सगळे माझ्या काळजीपोटीच बोलत होते, पण मला ते पटलं नाही. कंपनी टीडीएस कापून पैसे पाठवते आणि तो कापलेला कर माझ्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो. ते बाजूला ठेवलं तरी, हे पैसे मी हात आखडेपर्यंत बसून मिळवलेले आहेत. ते दुसऱ्याच्या नावावर लपवायची वेळ माझ्यावर का यावी?

दादा आणि वहिनीबरोबर मी पहिल्यांदा कार्यालयात गेले. कदंबा बसच्या पायऱ्या मला चढवत नाहीत, म्हणून गाडी ठरवावी लागली. खिडकीतल्या माणसाने पासबुक उघडलं, जमा रकमांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर कामाला आहात. दर महिन्याला पैसे येतात. मग ही पेन्शन कशी बसणार?" मी म्हटलं, मी घरूनच करते, जमेल तेवढंच. तो म्हणाला, "घरून करा नाहीतर ऑफिसात जाऊन करा, कमावता ना?" अर्ज न घेताच त्याने फाईल परत सरकवली. येताना गाडीत कोणी काही बोललं नाही. त्या रात्री मी कामाला बसले नाही.

पुढचे दोन आठवडे मी निवृत्तिवेतन विभागाची परिपत्रकं वाचण्यात घालवले, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर फेब्रुवारी २०२१ च्या आदेशात सापडलं. त्याआधी इतर उत्पन्नाची मर्यादा ९,००० रुपये अधिक महागाई दिलासा (महागाईप्रमाणे मिळणारी टक्केवारीची वाढ) अशी, सगळ्यांना सारखी होती. नव्या आदेशाने ती प्रत्येकाच्या स्वतःच्या हक्काच्या रकमेशी जोडली. निवृत्त कर्मचाऱ्याच्या शेवटच्या मूळ वेतनाचे ३० टक्के, अधिक त्यावरचा महागाई दिलासा. दिव्यांग मुलाचं इतर सगळं उत्पन्न याहून कमी असेल तर तो पात्र. काम घरी बसून केलं की बाहेर जाऊन, याचा तिथे संबंधच नाही. रक्कम किती, एवढंच बघायचं.

बाबांचं शेवटचं मूळ वेतन ४१,१०० होतं. त्याचे ३० टक्के १२,३३०. तेव्हा महागाई दिलासा ५० टक्के होता, म्हणजे माझी मर्यादा झाली १८,४९५. मी वर्षभरातली एकूण एक जमा रक्कम वहीत उतरवली. बेरीज १,४६,४०० आली, महिन्याला सरासरी १२,२००. हे आकडे बघून मी वहिनीला हाक मारली आणि तिच्याकडून पुन्हा बेरीज करून घेतली. ती तेवढीच आली.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा अर्जासोबत आदेशाची प्रत, हा हिशेब, बँकेचा तक्ता, आयकर विवरणपत्र आणि मामलेदार कचेरीतून काढलेला उत्पन्नाचा दाखला असं सगळं लावलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्या, असंही लिहिलं. माझ्यासारख्या कोणाला हे करायचं असेल तर हात जोडून सांगते, तोंडी नकार घेऊन घरी परतू नका. पोच मिळाली की अर्ज ‘आलाच नाही’ असं म्हणता येत नाही.

मग वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र मागितलं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काम करतेस?" मी हो म्हटलं. किती तास, कसं, मध्ये किती थांबावं लागतं, हेही सांगितलं. हात हलवून दाखवला. पोटात गोळा आला होता, कारण मनात खिडकीतला तोच माणूस होता. पण मंडळाने शरीराची नेमकी स्थिती लिहायची असते, पात्रतेचा निर्णय खात्याचा असतो. त्यांनी तेच केलं. स्थिती कायमस्वरूपी असल्याचं नोंदवलं.

तीन महिने काही हललं नाही. शेवटी निवृत्तिवेतनाच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्राच्या सीपेनग्राम्स पोर्टलवर तक्रार घातली, पोचेचा फोटो जोडला. त्यानंतर चौकशीचे फोन आले, एक कागद पुन्हा मागितला, आणि नोव्हेंबरमध्ये मंजुरीचं पत्र आलं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी धरून. बाबांनी किंवा आईने हयातीतच माझं नाव पीपीओत घालून घेतलं असतं तर यातलं बरंच वाचलं असतं. तशी सोय आहे. ज्यांच्या घरी दिव्यांग मूल आहे त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

सगळं सुरळीत झालं असं मात्र म्हणवत नाही. मंजुरीनंतर कंपनीने महिना २०,००० ठरावीक देऊ केले. जुलै २०२४ पासून दिलासा ५३ टक्के झाला तशी माझी मर्यादा १८,८६५ वर गेली होती. वीस हजार घेतले तर मर्यादेवर अकराशे रुपये जास्त आणि त्यापायी सगळं निवृत्तिवेतन बंद. उद्या हात साथ देईनासा झाला, किंवा कंपनीनेच काम थांबवलं, तर? दादा म्हणतो घे, मी आहे ना. तो आहे, हे खरंच. पण त्याची दोन मुलं शिकतायत. नियम करणाऱ्यांनी इथे पायरी ठेवायला हवी होती. उत्पन्न वाढेल तसं निवृत्तिवेतन हळूहळू कमी करत न्यावं, एका फटक्यात तोडू नये. दिव्यांग माणसाला जास्त कमावण्याची भीती वाटावी, हे मला फार लागतं.

कंपनीला मी मिनिटांप्रमाणेच चालू ठेवा असं कळवलं. परवा उत्पन्नाचं वार्षिक प्रतिज्ञापत्र भरायला बसले. इतर उत्पन्नाच्या रकान्यात वहीतला आकडा रुपयापर्यंत लिहिला. व्यवसायापुढे ‘घरून टंकलेखन’ असं लिहिलं आणि खाली डाव्या हाताने सही केली.