तीन थरांचं सॅम्पल

मंगळवार, रात्र

तीन थरांच्या सॅम्पलमधून करंट गेला. जायला नको होता. स्ट्रॉन्शियम टायटनेटवर लँथॅनम अ‍ॅल्युमिनेटचे चार युनिट सेल, म्हणजे स्फटिकाचे चार थर, चढेपर्यंत दोघांमधला सांधा वाहक होत नाही, हे २००६ पासून माहीत आहे. वाटलं, थर मोजताना चुकले असेन. थर चढताना इलेक्ट्रॉनच्या झोतानं ते मोजणाऱ्या रीडचा आलेख परत उघडला. तीनच लाटा, थरामागे एक.

कारण लगेच सुचलं, आणि तेच जास्त लागलं. थर चढवताना ऑक्सिजनचा दाब मीच इतका कमी ठेवला होता. अशा वेळी सबस्ट्रेटमधला, म्हणजे खालच्या टायटनेटमधला ऑक्सिजन निसटतो आणि जाणारा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो. इलेक्ट्रॉन किती आहेत ते सांगणाऱ्या हॉलच्या मोजमापाला ते कुठून आले हे कसं कळणार?

पण मला कळायला हवं होतं. वरच्या ध्रुवीय, म्हणजे आलटून पालटून धन-ऋण भाराच्या, थरांमुळे सांध्यावर येणारे इलेक्ट्रॉन चौरस सेंटिमीटरला फार तर ३.३ गुणिले १०चा १४वा घात. माझा आकडा १०चा १६वा घात. तीसपट! आणि मी खूश होते. सरांनी कौतुक केलं तेव्हाही. आईला फोनवर... जाऊ दे.

२००४ मध्ये ओहटोमो आणि ह्वांग यांनी हा वाहक सांधा दाखवला, तेव्हापासून इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या या रिकाम्या जागांमधून येतात का, यावर वाद चालू आहे. थिसिसच्या पहिल्या प्रकरणात तो मीच लिहिलाय. दुसऱ्यांच्या सॅम्पलबद्दल. स्वतःच्या सॅम्पलकडे त्या नजरेनं एकदाही पाहिलं नाही, हेच राहून राहून टोचतंय.

गुरुवार

तीन थरांचं आणि सहा थरांचं, दोन्ही सॅम्पल ऑक्सिजनमध्ये ६०० अंशांवर रात्रभर भाजली. तीनचं गप्प झालं. त्याच्याकडे बघून रडू आलं, का ते माहीत नाही.

सहाचं अजून वाहतंय. १०चा १३वा घात. आधीच्या आकड्याचा हजारावा भाग. एवढंच उरलं, असं सकाळी म्हणत होते. आता वाटतंय, उरलं तर आहे. आणि हे इलेक्ट्रॉनसुद्धा वरच्या पृष्ठभागावरच्या रिकाम्या जागांनीच खाली दिले असतील, असं म्हणणारेही आहेत. तसं असेल तर त्या जागांवर इतकं रागावून कसं चालेल? जूनपासूनचे सगळे आकडे दाबाच्या क्रमानं परत मांडायला घेतलेत.

उजेड पडला की या सॅम्पलमध्ये इलेक्ट्रॉन वाढतात आणि तासन्‌तास ओसरत नाहीत. म्हणून दोन्ही अंधारात ठेवलीत. सकाळी मी येईपर्यंत दिवा लावू नका, असा कागद दारावर चिकटवून आले.