पोळी खाजवायची

मागच्या जुलैत भाचीचा व्हिडिओ कॉल आला, मागं बोकड बोंबलतोय आणि ही रडायच्या बेतात. ताई अमेरिकेत आयोवाला असते, पोरगी तिकडं फोर-एचमध्ये आहे. फोर-एच म्हणजे आपलं स्काऊट-गाईड असतं ना तसंच काहीतरी, पण शेतीच्या अंगानं. हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ असे चार एच. पोरांनी एखादं जनावर सांभाळायचं, चाऱ्याचा हिशोब वहीत लिहायचा आणि उन्हाळ्यात काउंटी फेअरला नेऊन जजपुढं उभं करायचं. हिचा बोकड तेवढं सोडून सगळं करत होता.

"मामा, तू पण बैल दाखवायचास ना? आई म्हणाली."

बैल नाही गं, खोंड. आणि एकदाच.

1996 ची गोष्ट, मी आठवीत. आमचं गाव माण तालुक्यातलं, म्हणजे पाऊस सोडून बाकी सगळं असलेलं. आबांनी एक पांढराशुभ्र खिलार खोंड राखला होता पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसाठी. यात्रा डिसेंबरच्या थंडीत, जनावरांचा बाजार मोठा, आणि त्यात खिलारांचं प्रदर्शन. गट दातांवर पडतात. बैलाला पुढचे दात खालीच असतात, आठ, वर नुसती हिरडी. दुधाचे दात असेपर्यंत अदत, मग साधारण अडीच वर्षाच्या आसपास दोन पक्के दात आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. आपल्याकडं माणसाचा जन्मदाखला तलाठ्यापासून शाळेपर्यंत तीन वेगवेगळ्या तारखा सांगतो पण बैलाचं वय जबडा उघडला की कळतं.

मला वाटलेलं खोंड तयार करायचा म्हणजे खायला घालायचं, शेंगपेंड, उडदाचा भरडा, कणकेचे गोळे. ते आबा आणि आज्जीच बघायचे (कणकेच्या गोळ्यावरून घरात भांडणं झालीत, आम्हाला चपाती आठवड्यातून दोनदा आणि त्याला रोज). माझ्याकडं काम एकच, उभं करणं. रोज शाळेतून आलं की कासरा धरून अंगणात त्याला उभा करायचा, चारी पाय चौकात, मान वर, शेपूट सरळ, आणि तसंच थांबायचं. तो पाय हलवणार, मी परत लावणार, तो माझ्या पायावर पाय देणार. आबा कट्ट्यावरनं बघायचे आणि मलाच ओरडायचे, "आरं तूच सारका हालतूयास, त्यो का थांबंल?" खरंच होतं. मी कंटाळून या पायावरून त्या पायावर झालो की तोही व्हायचा. पंधराएक दिवसांनी मग कळलं की पोळी, म्हणजे गळ्याखालची ती लोंबती कातडी, हळूहळू खाजवत राहिलं की डोळे अर्धे मिटून तो गप उभा राहतो, कितीही वेळ.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटेच अंघोळ, शिंगाला तेल, नवी म्होरकी, गळ्यात घुंगरमाळ. परीक्षक आले, त्यांनी वशिंड बघितलं, खुरं बघितली, कातडी चिमटीत धरून पातळ आहे का बघितलं, अंगावरचे भोवरे मोजले. मी पोळी खाजवतोय. एक परीक्षक म्हणाले, "पोरा, हात काढ, पोळी दिसू दे." हात काढला आणि याने एक पाय उचललाच. तिसरा नंबर. आबा म्हणाले पायामुळं नाही, शिंगं जरा बाहेर गेलीत म्हणून. अजून पटलेलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी एक हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आला. त्याने आणि आबांनी हातावर टॉवेल टाकला आणि आत बोटं दाबून सौदा सुरू, तोंडानं कोण काही बोलेना. मी दोघांच्या तोंडाकडं बघतोय, आबांची मान एकदा नाही अशी हलली, दोनदा हलली, मग हललीच नाही. कासरा माझ्या हातात होता, तो मलाच द्यायला लागला. किंमत किती आली ते एसटीत बसल्यावर विचारलं तर म्हणाले, "तुज्या सायकलीएवढी सोडून बाकीची छपराची." सायकल आली खरी, पण पहिला महिनाभर मी तिला हातच लावला नाही.

हे एवढं सगळं भाचीला सांगितलं नाही. तिकडंही शेवटी लिलावच असतो, तिला माहितीये, बोकडाचं नाव ठेवू नको असं ताईनं बजावलेलं आणि हिने पहिल्याच दिवशी ठेवलेलं. मी फक्त म्हणालो, पोळी खाजव, हळूहळू, आणि तू स्वतः हलू नकोस.

फोन टेबलावर ठेवला तिने. बराच वेळ नुसतं छत दिसत होतं.

"मामा, याला पोळीच नाहीये."