किझिल: खोमेई ऐकायला आणि शिकायला जाणाऱ्यांसाठी

खोमेई म्हणजे एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर काढणारं तुवन कंठगायन. रशियातल्या, दक्षिण सायबेरियाच्या तुवा प्रजासत्ताकाची राजधानी किझिल रेल्वेनं जोडलेली नाही. विमानाचं जमलं नाही तर आमच्यासारखं अबाकान गाठा आणि तिथून शेअर टॅक्सीनं सायान पर्वत ओलांडा. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, घाटरस्ता, त्यामुळे दिवसाच निघावं. भारतात काढलेली व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं २०२२ पासून रशियात चालत नाहीत. डॉलर किंवा युरो रोख न्या, रूबल मोठ्या शहरातच करून घ्या.

किझिलमध्ये पहिली चौकशी तुवन संस्कृती केंद्रात करावी. मैफली आणि शिकवणी दोन्हींचा पत्ता तिथे लागतो. बायकांनी खोमेई गाऊ नये असा जुना समज होता, पण १९९८ पासून ‘तिवा किझी’ हा स्त्रियांचा चमू गातो आहे.

तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला इथे मोठा फायदा होतो. गायक एकच खर्ज धरून त्यातले स्वयंभू स्वर, म्हणजे खर्जाच्या कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींचे वरचे स्वर, तोंडाच्या पोकळीनं उचलतो. त्यांतला ८, ९, १० आणि १२ वा म्हणजे सा रे ग प. खाली ६ वा पंचम. ७ वा आणि ११ वा ते टाळतात. म्हणून चाल भूपाजवळची वाटते.

शिकताना थेट सिगितला, म्हणजे शिट्टीसारख्या स्वराच्या शैलीला, हात घालू नका. आधी साधं खोमेई: आवाज ताणून स्थिर धरायचा आणि ‘ऊ’कडून ‘ई’कडे अगदी सावकाश सरकायचं. वरचा स्वर फुटत नसेल तर नाक चिमटीत धरून पाहा. आवाज बदलला तर तो नाकातून गळतोय, पडजीभ वर उचलायला हवी. सिगितमध्ये जिभेची कड वरच्या हिरड्यांना चिकटवून दाढांपाशी एका बाजूला बारीक फट ठेवतात. सगळे स्वर जिभेचा मधला भाग निवडतो. कारगिरा या घोगऱ्या, खर्जातल्या शैलीत खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही कंप पावतात, म्हणून सप्तकभर खालचा स्वर निघतो. तिथे जोर लावला की खोकला येतो. खोकला आला की त्या दिवसापुरतं थांबायचं. घसा सोलून काही साधत नाही.

इगिल, म्हणजे गजानं वाजवायचं दोन तारांचं तुवन वाद्य, विकत घ्यायचं असेल तर लाकडी तबकडीचं घ्या. कातडी तबकडी तिथल्या कोरड्या हवेत छान ताठ राहते, मुंबईच्या पावसाळ्यात सैल पडते. लोखंडी खोमुसला (मोरचंगासारखं तोंडानं वाजवायचं वाद्य) मात्र वाजवून झाल्यावर पुसून तेलाचं बोट लावलं की पुरतं.