तुम्ही विचारलंत म्हणून: रडून सेरोटोनिन वाढतं का?

"रडून, ओरडून मोकळं झालं की सेरोटोनिन वाढतं ना? मग तू नैराश्याच्या गोळ्या कशाला घेतेस?" किती जणांना किती वेळा उत्तर देऊ? एकदाच लिहून टाकते.

सेरोटोनिन म्हणजे मनःस्थितीशी जोडलं जाणारं एक रसायन. ते वाढतं, हे तुम्ही कशावरून म्हणता? शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. रक्ततपासणीत दिसतं ते मुख्यतः प्लेटलेट्समधलं. रडल्यावर मेंदूत काय झालं, ते त्यावरून कळत नाही.

मन मोकळं करायच्या एका शिबिराला गेले, तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं असं म्हटलं तर सुटेन, पण ते खोटं ठरेल. वाचलेलं होतं. मानायचं नव्हतं.

त्या शिबिरात आम्ही भराभर श्वास घेतले, उशा बडवल्या, किंचाळलो. मग मी रडले. वडील गेले तेव्हा रडले नव्हते, ते सगळं. ओठ, बोटं झिणझिणत होती. ती साठलेली ऊर्जा बाहेर पडतेय, असं सांगितलं गेलं. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्या मुंग्या होत्या. पण इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. घरी येऊन गोळ्यांची पट्टी खणात टाकली. डॉक्टरांना विचारलंही नाही. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसायचा. जिना उतरताना भोवळ यायची. हेही मोकळं होणंच, असं मी स्वतःला बजावत होते. आठव्या रात्री क्षुल्लक कारणावरून बहिणीवर किंचाळले, अगदी शिबिरात शिकवलं तसं, पोटातून. ती भिंतीला टेकून नुसती बघत राहिली. मग खण उघडून तिने पट्टी काढली आणि डॉक्टरांना फोन लावला.

मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढला होता. मला ते बहिणीच्या चेहऱ्यावर दिसलं.

आता म्हणाल, २०२२ च्या मोठ्या आढाव्यात नैराश्य आणि कमी सेरोटोनिन यांच्या संबंधाला ठोस पुरावा सापडला नाही, मग गोळी तरी कशाला? गोळीचा सेरोटोनिनवर परिणाम काही तासांत सुरू होतो, मन सावरायला मात्र आठवडे लागतात. म्हणजे मधे आणखी काहीतरी घडतं. मला गोळीने बरं वाटतं. बरं वाटलं एवढाच पुरावा, मग रडण्याला तो का नाही? यावर मी अडते. त्या दिवशीचं रडणं खरं होतं, ते मी कुणालाही खोटं म्हणू देणार नाही.

अजूनही रडते. मी रडायला लागले की बहीण आधी पट्टीतल्या गोळ्या मोजते. मला राग येतो. तिला काही बोलत नाही.